डोर काउंटीचा फिश बॉइल: बुकिंगपासून शेवटच्या काट्यापर्यंत

मासा पाण्यात उकडायचा, पाण्यात मिठाशिवाय काही घालायचं नाही, आणि वर पातळ केलेलं लोणी ओतून खायचा. मालवण-अलिबागकडच्या माणसाला हा बेत सांगितला तर तो आधी विचारेल, घरात आजारी कोण आहे?

तरीही शिकागो-मिलवॉकीकडे राहणाऱ्या, किंवा उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या मासेखाऊ मंडळींनी हे जेवण एकदा तिथे जाऊन जेवावं, असं माझं ठाम मत आहे. एक तर ते उघड्यावर, लाकडाच्या विस्तवावर, डोळ्यांदेखत शिजतं. दुसरं म्हणजे मासा ताजा असला की त्याला किती कमी लागतं, हे मसाल्याच्या सवयीत आपण विसरलेलो असतो. मात्र नीट माहिती न काढता गेलात तर शेवटी हंड्याखाली उडवतात तो जाळाचा भडका संपल्यावर पोचाल, चुकीच्या बाजूला उभे राहून धूर खाल आणि सोबतच्या शाकाहारी माणसाला उपाशी ठेवाल. म्हणून हा सगळा तपशील.

हे आहे काय

विस्कॉन्सिन राज्याच्या ईशान्येला मिशिगन सरोवरात एक चिंचोळा भूभाग घुसलेला आहे, तो डोर काउंटी. पश्चिमेला ग्रीन बेचं आखात, पूर्वेला पलीकडचा काठ न दिसणारं सरोवर. एकोणिसाव्या शतकात इथे नॉर्वे, स्वीडन, आइसलँड, बेल्जियमकडची माणसं येऊन वसली. एफ्रेम हे गाव तर १८५३ मध्ये नॉर्वेहून आलेल्या मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी वसवलं. काम दोन प्रकारचं: जंगलात लाकूडतोड आणि पाण्यावर मासेमारी. सरपण फुकट, मासा मुबलक, बटाटा स्वस्त, आणि जेवायला एका वेळी पन्नास माणसं. यातून एका हंड्याचं जेवण तयार झालं. पुढे चर्चच्या मदतनिधीसाठी गावजेवणं घालताना हाच बेत सोयीचा ठरला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉटेलवाल्यांनी तो प्रवाशांसाठी उचलला.

मासा असतो लेक व्हाइटफिश. सामनच्या कुळातला, थंड आणि खोल पाण्यात राहणारा, चंदेरी अंगाचा, पांढऱ्या मांसाचा. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी इथे निर्धास्त असावं.

एक घोटाळा आधीच मिटवू. विस्कॉन्सिनभर शुक्रवारी ‘फिश फ्राय’ मिळतो. तो पिठात बुडवून तळलेला मासा. छान असतो, पण त्याच्यासाठी एवढा प्रवास करायची गरज नाही. बुकिंग करताना ‘बॉइल’ हाच शब्द ऐकू आल्याची खात्री करा.

कधी जायचं

हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात बहुतेक हॉटेलं हंडा आत ठेवतात, एखाद्याच ठिकाणी तुरळक दिवस असतात.

मे महिन्याच्या उत्तरार्धात चेरीच्या बागा फुलतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आंबट चेरी झाडावरून स्वतः तोडून घेता येते. ऑक्टोबरच्या मध्याला पानं लाल-पिवळी होतात. या तीन वेळांना आणि जुलै-ऑगस्टच्या सगळ्या शनिवार-रविवारी गर्दी अतोनात. मला विचाराल तर जूनमधला आठवड्याचा मधला दिवस, नाहीतर सप्टेंबरमध्ये लेबर डेची सुट्टी सरल्यानंतरचा आठवडा गाठावा. सप्टेंबरात पाणी अजून बऱ्यापैकी उबदार असतं, मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि बॉइल मास्टरला, म्हणजे हंडा सांभाळणाऱ्या माणसाला, तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

आईवडील भारतातून आले असतील तर जून सर्वांत बरा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित बोटींना मासेमारीची बंदी असते; गावी ताज्या माशाची वानवा असताना इथे हंगाम भरात असतो. (इथे मासेमारी थांबते ती वेळ वेगळी. व्हाइटफिश नोव्हेंबरमध्ये अंडी घालतो, तेव्हा इथले कोळी जाळी काढून ठेवतात.) घरात श्रावण पाळत असतील तर मात्र पंचांग आधी आणि बुकिंग नंतर. गटारी इथेच साजरी करणारेही असतील, त्यांना वेगळं सांगायला नको.

बुकिंग: फोनच करा

फिश क्रीकमधलं व्हाइट गल इन आणि एफ्रेममधलं ओल्ड पोस्ट ऑफिस ही यासाठी नावाजलेली दोन ठिकाणं. व्हाइट गलची वास्तू १८९६ सालची, मोठ्या झाडांखालचं अंगण, जुन्या घराचा थाट. ओल्ड पोस्ट ऑफिस अगदी पाण्यासमोर, पश्चिमेकडे तोंड करून. आकाश मोकळं असेल तर मासा आणि सूर्यास्त एकाच वेळी. सोबत वयस्क माणसं असतील तर मी पहिलं निवडेन, तरुण मंडळी असतील तर दुसरं. जेवणाबरोबर बिअर किंवा वाइन हवी असेल तर ती मिळते का, हेही विचारून घ्या. एफ्रेम हे गाव स्थापनेपासून दारूबंदीचं होतं. बिअर-वाइनच्या विक्रीला मतदारांनी २०१६ मध्ये होकार दिला.

संध्याकाळी दोन किंवा तीन फेऱ्या असतात. पहिली साडेपाच-सहाच्या सुमारास, शेवटची आठच्या आसपास. तुम्हाला जी वेळ देतात ती बहुधा भडक्याची असते, हे पक्कं ध्यानात ठेवा. त्याआधी अर्धा तास अंगणात हजर राहायचं. जून अखेरीला सूर्य पावणेनऊच्या आगेमागे मावळतो, त्यामुळे पहिल्या फेरीचा जाळ लख्ख उजेडात होतो आणि फोटोत फिका दिसतो. मधली किंवा शेवटची फेरी मागा. लहान मुलं भुकेने रडकुंडीला येणार असतील तर गोष्ट वेगळी.

ऑनलाइन बुकिंग होत असलं तरी फोन करावा, कारण विचारायचं बरंच असतं. त्या दिवशी बॉइल आहे ना? (रोज नसतो, आठवड्यातले वार ठरलेले असतात आणि हंगामागणिक बदलतात.) पाऊस आला तर काय? मुलांसाठी चिकन मिळेल का? व्हीलचेअर अंगणापर्यंत जाते का? माणशी तीस डॉलरच्या आगेमागे धरून चला, वर टॅक्स आणि टिप. नक्की आकडा तेव्हाच विचारून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं: शाकाहारी माणसाने हंड्यातला बटाटा खायचा नाही. तो माशाच्याच पाण्यात शिजतो. टेबलावर तो निरागसपणे नुसता बटाटा दिसतो, आणि मासा न खाणाऱ्या सासूबाईंना आपण तोच आग्रहाने वाढतो. उरतं काय, तर कोबीचं कोलस्लॉ, पाव, लोणी आणि चेरी पाय, म्हणजे चेरी भरलेला गोड पदार्थ. हॉटेल आधी कळवल्यावर काहीतरी वेगळं करून देतं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या खोलीत घ्या, मुगाची खिचडी लावून ठेवा आणि त्यांना जाळ बघायला सोबत न्या. जाळ शाकाहारी आहे.

पोचायचं कसं

शिकागोहून फिश क्रीक साधारण चारशे किलोमीटर, साडेचार तास. मिलवॉकीहून तीन तास. ग्रीन बे शहरातून सव्वा तास, आणि जवळचा विमानतळही तोच. मिलवॉकीनंतर आय-४३ महामार्गाने उत्तरेला जायचं. स्टर्जन बे ओलांडलं की रस्ता दुभंगतो: ४२ नंबर आखाताच्या बाजूने एग हार्बर, फिश क्रीक, एफ्रेम, सिस्टर बे असा जातो, ५७ नंबर सरोवराच्या बाजूने. जाताना ४२, येताना ५७.

स्टर्जन बेचे पूल बोटी जाताना उघडतात आणि गाड्या थांबतात. पुढचा रस्ता जाता-येता एकेकाच गाडीचा. शनिवारी फिश क्रीकमध्ये शिरायलाच वेळ जातो, म्हणून हातात पाऊण तास जादा ठेवा. जेवून रात्री लगेच शिकागोला परतायचा बेत करू नका. अंधारात हरणं रस्त्यावर येतात.

मुक्काम महाग आहे, आणि शनिवार-रविवारी बरीच हॉटेलं दोन रात्रींची अट घालतात. खर्च वाचवायचा तर स्टर्जन बे किंवा ग्रीन बेमध्ये राहा. तंबूत राहणारे असाल तर पेनिन्सुला स्टेट पार्क फिश क्रीकला लागूनच आहे, पण तिथलं आरक्षण अकरा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातल्या चांगल्या जागा पटापट जातात.

अंगणात: पाण्यापासून भडक्यापर्यंत

पोचल्यावर आधी वारा बघा. धूर जिकडे जातोय त्याच्या विरुद्ध बाजूला जागा धरा. पुढच्या रांगेसाठी हट्ट नको. शेवटच्या क्षणी तिथे चटका बसेल इतकी धग येते. मुलांना दोरीच्या मागे आणि हाताशी. अंगावर सुती कपडे असावेत, आणि धुराचा वास लागला तर हळहळ वाटणार नाही असे. संध्याकाळी पाण्यावरून गार वारा सुटतो, म्हणून गाडीत एकेक स्वेटर. डासांचं औषधही.

मधोमध लाकडांवर मोठा हंडा ठेवलेला असतो. त्यात जाळीची भांडी एकावर एक बसतात. खालच्या जाळीत सालासकट छोटे लाल बटाटे, काही ठिकाणी सोबत अख्खे छोटे कांदे. हे आधी जातं, कारण बटाट्याला वेळ लागतो. मग मीठ. किती, ते बघून आपण हबकतो: घरगुती प्रमाण सांगायचं तर साडेसात लिटर पाण्याला दोन कप, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त. हे मीठ दोन हप्त्यांत पडतं, अर्धं बटाट्याबरोबर, अर्धं माशाबरोबर. मासा त्यात मिनिटंच राहतो आणि जाड तुकडीत मीठ आतवर शिरायला वेळच मिळत नाही, म्हणून खारट लागत नाही. खारं पाणी जड होतं, माशाचं तेल आणि गाळ वर तरंगायला त्याची मदत होते, असं कारण बॉइल मास्टर सांगतात. तेल तर साध्या पाण्यावरही तरंगतं. माझ्या मते मिठाचं खरं काम चवीचं आणि तुकडी घट्ट ठेवण्याचं.

वेळेला दहा-बारा मिनिटं उरली की माशाची जाळी उतरते. तुकड्या आडव्या कापलेल्या, चांगल्या दोन बोटं जाड, कातडीसकट आणि मधल्या काट्यासकट. कातडी आणि काटा असल्यामुळेच त्या उकळत्या पाण्यात फुटत नाहीत. या वेळात बॉइल मास्टर गावच्या गोष्टी सांगतो, थट्टामस्करी करतो. तो मोकळा असताना मासा कुठला आणि कधीचा, हे विचारून घ्या. उत्तर ऐकण्यासारखं असतं. क्वागा मसल नावाच्या परक्या शिंपल्या जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून या सरोवरांत आल्या. त्यांनी पाणी गाळून माशांच्या पिल्लांचं खाणं संपवलं आणि मुख्य सरोवरात व्हाइटफिश घटला. उलट ग्रीन बेच्या आखातात आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांत तो गेल्या काही दशकांत पुन्हा बळावला आहे. तुमच्या ताटातला मासा कोणत्या पाण्यातला, याला इथे म्हणूनच अर्थ आहे.

आता हंड्याच्या तोंडाकडे बघत राहा. करडा फेस जमू लागतो. त्यात माशाचं तेल आणि राख असते. नेहमीच्या स्वयंपाकात आपण तो झाऱ्याने काढला असता. इथे पद्धत वेगळी. बॉइल मास्टर सगळ्यांना मागे व्हायला सांगतो आणि डब्यातलं रॉकेल हंड्याखालच्या विस्तवावर फेकतो. जाळ हंड्याला वेढून माणसाच्या डोक्यावर जातो, पाणी एकदम फुगतं आणि चहूबाजूंनी उतू जातं. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध मुद्दाम उतू घालवतात, तसंच हे, फक्त काही सेकंदांत आणि गर्जना करत. उतू गेलेल्या पाण्याबरोबर फेस, तेल, राख सगळं बाहेर पडतं आणि तेच पाणी खालचा विस्तव बराचसा विझवतं. म्हणजे मासा स्वच्छ झाला आणि शिजणंही थांबलं. रॉकेल विस्तवावर पडतं, हंड्यात नाही, त्यामुळे माशाला त्याचा वास लागत नाही.

सगळं इतकं पटकन आटपतं की मोबाइल खिशातून काढेपर्यंत खेळ खलास. ‘मागे व्हा’ ऐकू येताच रेकॉर्डिंग सुरू करा, मोबाइल उभा धरा आणि स्क्रीनकडे नव्हे, हंड्याकडे बघा. मग दोघं जण दांडा अडकवून वाफाळत्या जाळ्या उचलतात आणि आत नेतात. त्यांच्या मागोमाग तुम्हीही आत जा. हा मासा निवला की त्याची मजा अर्धी जाते.

ताटावर: काटे आणि लोणी

ताटात दोनेक तुकड्या, बटाटे, कोलस्लॉ, राय नावाच्या धान्याचा पाव, लिंबाची फोड आणि वाटीभर पातळ लोणी. बऱ्याच ठिकाणी वाढणारी मंडळी विचारलं तर काटे काढून देतात. लाजू नका. मुडदुशे सहज खाणाऱ्यांनाही तुकडीची ठेवण नवी असते.

स्वतः काढायचे तर आधी कातडी सोलून बाजूला करा, ती सहज सुटते. मग काटाचमचा मधल्या मणक्याच्या कडेने घालून मांस बाहेरच्या दिशेने सरकवा. नीट शिजलं असेल तर मोठे पापुद्रे आपोआप वेगळे होतात. दुसरी बाजूही तशीच. मणका अख्खा उचलून टाका. पोटाच्या बाजूचे फासळीचे काटे लांब आणि दिसणारे, ते निघतात. सावध राहायचं ते पाठीकडच्या भागात: तिथे मांसात बारीक काटे लपलेले असतात. मुलांना पोटाकडचं मांस द्या, पाठीकडचं तुम्ही खा. आणि हात वापरा. आपल्या बोटांना जे कळतं ते फोर्कला कळत नाही, आणि अंगणातून आलेल्या गर्दीत कुणाचं लक्षही नसतं.

लिंबू आधी, लोणी नंतर. बटाटा चमच्याने दाबून फोडायचा आणि त्यावरही लोणी. लाल तिखटाची पुडी पर्समध्ये असते, हे मला माहीत आहे. पहिली तुकडी तिच्याशिवाय खा. व्हाइटफिशला अंगची किंचित गोडी आहे, ती तिखटात बुडते. दुसऱ्या तुकडीला तुम्ही मुखत्यार.

शेवटी चेरी पाय. चेरी मॉन्टमरन्सी जातीची, चांगलीच आंबट, आणि एवढ्या लोण्यानंतर तो आंबटपणा नेमका हवा असतो. पोट भरलं म्हणून सोडू नका, बांधून घ्या.

उरलेला दिवस

पेनिन्सुला पार्कमधला ईगल टॉवर २०२१ मध्ये नव्याने खुला झाला. त्याला झाडांमधून वर जाणारा लांब चढता मार्ग आहे, व्हीलचेअर थेट माथ्यावर जाते. केव्ह पॉइंटला लाटांनी कोरलेल्या चुनखडीच्या कपारी आहेत आणि प्रवेश फुकट. सिस्टर बेमध्ये एका स्वीडिश हॉटेलच्या गवताळ छपरावर बकऱ्या चरतात. मुलांना त्या फिश बॉइलपेक्षा जास्त आवडतात.

घरच्या अंगणात करायचा तर

रॉकेलचा नाद अजिबात करायचा नाही. ते सरावलेल्या माणसाचं, मोकळ्या जागेतलं काम आहे. टर्की तळायला अमेरिकेत मिळतो तो प्रोपेनचा बर्नर आणि जाळीसकटचं वीस लिटरचं पातेलं पुरे. लाकडी डेकवर नाही, घरापासून दूर, सपाट जमिनीवर.

सहा जणांसाठी बारा छोटे लाल बटाटे घ्या. साल काढायची नाही, दोन्ही टोकं किंचित कापायची म्हणजे मीठ आत जातं. साडेसात लिटर पाणी खळखळून उकळलं की बटाटे आणि एक कप मीठ. वीसेक मिनिटांनी सुरी टोचून बघा. जरासा कडक लागला की पाच सेंटिमीटर जाडीच्या बारा तुकड्या आणि दुसरा कप मीठ घाला. आठ ते दहा मिनिटं. मांस काट्यापासून सुटू लागलं पण अजून घट्ट आहे, अशा वेळी बंद करा. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस झालेलं हवं. जाळी उचलण्याआधी वरचा फेस झाऱ्याने पूर्ण काढा, नाहीतर तेच तेल वर येताना माशाला लागतं. व्हाइटफिश शिकागो-मिलवॉकीच्या चांगल्या मासळी दुकानांत मिळतो. ‘फिले नको, कातडीसकट आडव्या तुकड्या करून द्या’ असं सांगावं लागतं. मुंबईत करून बघायचा तर रावस घ्या, बांगडा नको; त्याचा स्वभाव या पाण्याला मानवणारा नाही.

उरलेलं पाणी झाडांना घालू नका, त्या मिठाने झाड मरेल. उरलेला मासा मात्र गरम असतानाच काट्यांतून सोडवून फ्रिजमध्ये टाका, थंड झाल्यावर बारीक काटे सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यात उरलेलेच बटाटे कुस्करा, आलं, मिरची, कोथिंबीर घाला, चपटे करून रव्यात घोळवून तव्यावर परता. मीठ घालायचं नाही.